टेस्टला एक धड मशीन द्यायला काय जातंय यांचं?

डोकं फिरलंय आज. सलग तिसरा रविवार या स्लर्मच्या डेटाबेस अपग्रेडच्या टेस्टिंगमध्ये गेला आणि हातात काय, तर अर्धवट बदललेली टेबलं.

आमच्या क्लस्टरवर, म्हणजे मोठ्या गणितांसाठी एकत्र जोडलेल्या कॉम्प्युटरवर, कुणाचा जॉब (चालवायला टाकलेलं काम) कधी चालणार ते स्लर्म हे सॉफ्टवेअर ठरवतं, आणि कुणी किती वापर केला तो हिशोब मारियाडीबी या डेटाबेसमध्ये पडतो, ते काम स्लर्मच्याच स्लर्मडीबीडी या प्रोग्रामचं. अपग्रेड करताना आधी तो, मग सगळ्यांना कामं वाटणारा स्लर्मसीटीएलडी, मग नोडवरचे (क्लस्टरमधल्या एकेका कॉम्प्युटरवरचे) स्लर्मडी, हा क्रम मोडायचा नाही. नवा स्लर्मडीबीडी पहिल्यांदा सुरू झाला की सगळी जुनी टेबलं नव्या रचनेत बदलत बसतो, आणि एकदा बदलली की मागं फिरता येत नाही, बॅकअप चढवायचा एवढंच उरतं. म्हणूनच खऱ्या डेटाचा डंप, म्हणजे पूर्ण कॉपी, वेगळ्या मशीनवर टाकून आधी करून बघायचं असतं, किती तास लागतात ते तिथंच कळतं.

पण मशीन मागितलं की सगळ्यांच्या कपाळाला आठ्या! दोन महिने मागं लागलोय. सर म्हणतात, "रिकाम्या डेटाबेसवर बघितलंस न्हवं, झालं की टेस्ट." अहो सर, रिकाम्या डेटाबेसवर ते काही सेकंदात होणारच की! आमच्याकडं वर्षानुवर्षं जुन्या नोंदी आपोआप काढून टाकणारं पर्ज सेटिंगच कुणी लावलेलं नाही, पोरं हजार हजार जॉबचे अ‍ॅरे (एकदम टाकलेले गठ्ठे) टाकतात, प्रत्येक जॉबच्या आतल्या पायऱ्यांची, म्हणजे स्टेपची, नोंद वेगळी, ते स्टेपचं टेबल फुगून बसलंय आणि खरा वेळ तिथंच जातोय.

शेवटी स्टोअरमधला जुना डेस्कटॉप दिला. फिरती हार्डडिस्क, 8 जीबी रॅम. पहिल्या रविवारी मारियाडीबीचा बफर पूल (डेटा हाताशी ठेवायला वापरायची रॅम) मूळच्या 128 एमबीवरच होता, दिवसभर रडत रडत चाललं, संध्याकाळी मीच बंद केलं. मग बफर पूल वाढवला, अडलेल्या टेबलासाठी थांबायची मुदत, म्हणजे लॉक वेट टाइमआउट, 50 सेकंदांचा 900 केला, आणि सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या लिनक्सच्या सिस्टमडीनं उशीर होतोय म्हणून मध्येच मारू नये म्हणून स्लर्मडीबीडी हातानं टर्मिनलवर सुरू केला. मॉनिटरवर कागद चिकटवला, "हात लावू नये". तरी दुसऱ्या रविवारी मी जेवायला घरी गेलो तेवढ्यात एकानं येऊन बंद करून परत सुरू केलं, का तर म्हणे लॉग (स्क्रीनवरच्या कामाच्या नोंदी) हलत नव्हता, अडकलंय असं वाटलं. अरे बाबा, मोठं टेबल बदलताना लॉग गप्पच बसतो! एक फोन करायचास की मला!

आणि आज, सकाळपासून सगळं नीट चाललेलं, दुपारी चारला इथं कोल्हापुरात राजारामपुरीत वळीव आला आणि लाइट गेली. यूपीएस मागितला होता मी. लेखी मागितला होता. "टेस्टच्या मशीनला कशाला यूपीएस?"

उद्या खऱ्या डेटाबेसचं असं झालं आणि बॅकअपनंही दगा दिला तर फेअरशेअरचा, म्हणजे कमी वापर केलेल्याला आधी नंबर देणाऱ्या हिशोबाचा, सगळा इतिहास जाईल, महिनाभर क्लस्टर अडवून बसलेला आणि पीएचडीचं शेवटचं रन टाकायला आलेली पोरगी एकाच पायरीवर येतील, आणि तिला उत्तर द्यायला सर येणार नाहीत, मी जाणार.

आता रात्रीचे साडेनऊ, डंप परत पहिल्यापासून चढवायला लावलाय. उद्या सरांना तोंडावर सांगणार, एसएसडी आणि यूपीएस मिळाल्याशिवाय खऱ्या डेटाबेसला मी बोटसुद्धा लावणार नाही, काय करायचं ते करा.