लाराने बंदूक माझ्यावर का रोखली

२००० सालची मे महिन्याची सुट्टी. मी साताऱ्याला मामाकडे होते, नववीत जाणार होते, आणि मामेभाऊ दुपारी क्लासला गेला की त्याचा कॉम्प्युटर माझा. त्यावर टूम रेडर टू हा गेम होता, लारा क्रॉफ्ट ही त्याची नायिका. चीनची भिंत, व्हेनिसच्या कालव्यातली स्पीडबोट, समुद्रात बुडालेलं जहाज, तिबेटचा बर्फ, सगळं मी लाराबरोबर फिरले. त्याआधी कुठल्याच गेममध्ये उड्या मारणारी, पोहणारी, एकटीच जगभर हिंडणारी बाई मी बघितली नव्हती. तिच्या बंगल्यातल्या म्हाताऱ्या बटलरला फ्रीजरमध्ये कोंडायचं तर मी रोज करायचे, ज्यांनी खेळलाय त्यांना माहितीये.

महिनाभर लागला संपवायला. शेवटच्या लेव्हलला चोर लाराच्या घरातच घुसतात, ती रात्रीच्या गाऊनमध्ये शॉटगन घेऊन सगळ्यांना उडवते आणि मग शेवटचा सीन येतो. ती बाथरूममध्ये जाते, गाऊन काढायला लागते, मधेच थांबून कॅमेऱ्याकडे वळते आणि म्हणते, आतापर्यंत पुरेसं बघून झालं नाही का? आणि सरळ आपल्यावर गोळी झाडते. स्क्रीन काळी.

मी नुसती बसून राहिले. मी काय बघितलं होतं? मी तर तिच्यासोबत खेळत होते. नंतर कळलं की ते वाक्य माझ्यासाठी नव्हतंच. खुर्चीत मुलगाच बसलाय आणि तो लाराचे कपडे कधी उतरतात याचीच वाट बघतोय, असं बनवणाऱ्यांनी धरून ठेवलं होतं. आणि दादाचे मित्र खरंच त्या कपडे काढायच्या चीट कोडच्या, म्हणजे गेममधल्या गुप्त कळीच्या, मागे होते, असा कोड कुठेच नव्हता तरी प्रत्येकाच्या कुठल्यातरी मित्राला तो माहिती असायचा. कंपनीने काही बनवलं नाही तर लोकांनी स्वतःच तसा पॅच, म्हणजे गेम बदलणारी फाइल, बनवून नेटवर टाकला.

मला जे म्हणायचंय ते हेच आहे. कपडे किती हा माझ्यासाठी दुसरा मुद्दा, पहिला मुद्दा हा की समोर कोण बसलंय असं समजून ही बाई बनवलीये.

मेट्रॉइडचं घ्या, १९८६ चा निन्टेन्डोचा गेम. अख्खा गेम तुम्ही चिलखतातल्या एका अंतराळवीराला खेळवता आणि शेवटी कळतं की ती बाई आहे, सॅमस. त्या काळात किती भारी गोष्ट! पण ती कशी दाखवली बघा. गेम जितक्या कमी वेळात संपवाल तितके तिचे कपडे कमी. ठीकठाक वेळेत संपवला तर फक्त हेल्मेट उतरतं, तीन तासांच्या आत असेल तर चिलखत, एका तासाच्या आत असेल तर बिकिनी. जी स्वतः जिंकली तिचंच शरीर बक्षीस म्हणून दुसऱ्याच्या हातात. एखाद्या मुलीने पाऊण तासात तो गेम मारला असेल तर तिला काय मिळालं?

आणि तीस वर्षांनीही तेच. २०१५ च्या मेटल गियर सॉलिड फाइव्हमध्ये क्वायट नावाची स्नायपर आहे, युद्धात बिकिनी टॉप आणि फाटक्या स्टॉकिंग्जमध्ये. कारण काय, तर ती त्वचेतून श्वास घेते आणि सूर्यप्रकाशावर जगते. गेम यायच्या आधीच तो बनवणारे हिदेओ कोजिमा म्हणाले होते की कारण कळलं की टीका करणाऱ्यांना स्वतःच्या बोलण्याची लाज वाटेल. पण याच मालिकेत २००४ च्या भागात द एंड नावाचा म्हातारा स्नायपर आहे, तोही सूर्यप्रकाशावर जगतो आणि तो अंगभर कपड्यात आहे. मला कारण कळलं आणि राग वाढला.

दरवेळी कुणीतरी म्हणतं, पुरुष पण उघडेच असतात की, गॉड ऑफ वॉर गेमचा नायक क्रेटोस बघा. अहो, क्रेटोस बघून मुलाला वाटतं आपण असं व्हावं. तो चढताना कॅमेरा त्याच्या पार्श्वभागावर रेंगाळत नाही. आणि बायोनेटा, त्याच नावाच्या गेमची नायिका, मला स्वतःला आवडते, तिचं डिझाइन मारी शिमाझाकी या बाईने केलंय आणि ती पडद्यावर असते ती स्वतःच्या मस्तीत, त्यामुळे उघडी म्हणजे वाईट असं माझं अजिबात म्हणणं नाही.

पण हे बोललं की काय होतं तेही आपण बघितलंय. अनिता सर्किसियन या समीक्षक बाईने २०१२ मध्ये याच विषयावर व्हिडिओ करायला सहा हजार डॉलर मागितले, लोकांनी दीड लाखाच्या वर दिले, आणि दुसरीकडे कुणीतरी तिच्या फोटोला ठोसे मारायचा गेम बनवला. ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा स्टेट युनिव्हर्सिटीत तिचं भाषण होतं, गोळीबाराची धमकी आली, आणि तिथल्या कायद्यामुळे हॉलमध्ये बंदूक आणणाऱ्यांना अडवता येत नव्हतं म्हणून तिने भाषण रद्द केलं. गेममधल्या बायकांबद्दल बोलली म्हणून!

उलटं केलं तरी तोच राग. लास्ट ऑफ अस टू या गेममधल्या ॲबीचे दंड मजबूत दाखवले तर त्यावरून लोकांनी आरडाओरडा केला, आणि कथेत ती जे करते त्याच्या रागात तिला आवाज देणाऱ्या लॉरा बेलीला जिवे मारायच्या धमक्याही आल्या. होरायझन गेमच्या नायिकेच्या, एलॉयच्या, गालावर बारीक लव दिसली तर लोक चिडले. लव! आपल्यातल्या कितीजणी दर पंधरा दिवसांनी त्या लवेसाठी पार्लरमध्ये डोळ्यांत पाणी आणून बसतो. राक्षसी यंत्रांशी भाल्याने लढणाऱ्या मुलीला तरी त्यातून सोडा.

चांगलं पण घडतंय आणि तेही आपल्या पुण्यात. नॉडिंग हेड्स या पुण्यातल्या स्टुडिओचा राजी हा गेम २०२० मध्ये आला. सर्कशीत कसरती करणारी मुलगी, धाकट्या भावाला शोधायला निघते, दुर्गा तिला त्रिशूळ देते. २०१७ मध्ये किकस्टार्टर या साइटवर लोकांकडून पैसे जमवायचा त्यांचा प्रयत्न फसला होता तरी त्यांनी गेम पूर्ण केला, याचं मला फार कौतुक आहे. राजी भिंतीवरून धावते तेव्हा आपण पुढची उडी कुठे मारायची ते बघतो, बस.

माझ्या भाचीने तो दोनदा संपवला. ती तेरा वर्षांची आहे. मधे एका मोबाइल गेममध्ये तिने चिलखत घेतलं, मुलाच्या अंगावर गळ्यापासून पायापर्यंत, तिच्या कॅरेक्टरवर पोट आणि मांड्या उघड्या. ती म्हणाली, "मावशी, डिफेन्सचा आकडा दोघांचा सेमच आहे गं, मग माझं अर्धं कुठं गेलं?" मला लगेच उत्तर देता आलं नाही.

आता आम्ही दोघी लाराचे जुने भाग खेळतोय, २०२४ मध्ये रिमास्टर होऊन, म्हणजे चित्रं सुधारून, आलेत ना, ते. सध्या व्हेनिसमध्ये आहोत, ती स्पीडबोट सारखी भिंतीवर आदळवते. शेवटची लेव्हल यायला दिवाळी उजाडेल बहुतेक. तो बाथरूमचा सीन लागेल तेव्हा मी तिच्या शेजारी बसलेली असणार एवढं ठरवलंय, काय बोलायचं ते अजून ठरत नाहीये. तुमच्यापैकी कुणी मुलगी असताना तो शेवट बघितला असेल तर तेव्हा काय वाटलं होतं ते मला सांगा, खरंच हवंय.