राणी मारली का पोयं उठते?

गोठ्याच्या पत्र्याखाली गांधीलमाश्यांचं पोळं लागलं की आपल्याकडे हा सल्ला हमखास मिळतो. पण मारायची कोणती? रोपॅलिडिया मार्जिनाटा या आपल्याकडच्या गांधीलमाशीची राणी दिसायला कामकऱ्यांसारखीच, आणि स्वभावाने उलट शांत. दांडगाई करणारी राणी नसतेच.

आपण राणी आहोत हे ती दाखवते ते दांडगाईने नाही, अंगावरच्या मेणासारख्या रसायनांतून. मेच्या पंचेचाळीस अंशांत इवल्या देहातलं पाणी उडू नये म्हणून कीटकांच्या कातडीवर हायड्रोकार्बनचा, म्हणजे कार्बन आणि हायड्रोजनच्या साखळ्यांचा, मेणासारखा थर असतो. काही साखळ्या सरळ, काही फांद्या फुटलेल्या. एकट्या राहणाऱ्या माश्यांनाही तो असतोच. उत्क्रांतीने नवं काही घडवलं नाही, याच मेणाला दुसरं काम लावलं. पोळ्यापोळ्यागणिक मिश्रणाचं प्रमाण वेगळं. पोळ्याच्या कागदालाही ते लागलेलं असतं, आणि कोशातून निघालेली माशी पहिल्या काही तासांतच ते अंगावर घेते. मिशा लावल्यावर प्रमाण जुळलं नाही, तर परकी.

युरोपातली पोलिस्टीस गटातली एक परजीवी गांधीलमाशी दुसऱ्यांचं पोळं बळकावते आणि काही दिवसांत तिच्या अंगावरचं मिश्रण यजमानांसारखं होतं. चोरानं घरमालकाचेच कपडे घालावेत तसं!

राणीच्या संदेशाबद्दल बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि सहकाऱ्यांनी पोळं मधोमध जाळीने विभागून पाहिलं. हवा आरपार, माश्या नाहीत. राणी मेल्यावर एक कामकरी आक्रमक होते, तशीच राणी नसलेल्या बाजूची एक कामकरी आक्रमक झाली. म्हणजे हा संदेश हवेतून दरवळत नाही. राणी पोटाचं टोक पोळ्यावर घासत फिरते आणि नांगीजवळच्या ड्युफोर ग्रंथीतला स्राव तिथे लागतो. म्हणून 'राणी हुकूम सोडते' हे मला पटत नाही. तिची अंडाशयं चालू आहेत, एवढंच कामकरी त्यातून ओळखतात.

2014 मध्ये मुंग्या, मधमाश्या, गांधीलमाश्या अशा 64 जातींची तुलना झाली, तेव्हा राणीच्या खुणा बहुतेक अशाच संपृक्त हायड्रोकार्बनच्या निघाल्या. मूळ सुमारे 14.5 कोटी वर्षं जुनं.

तपासायला या मेणाचा नमुना घ्यायचा तर माशी गोठवून मारतात आणि काचेच्या कुपीत हेक्झेन या मेण विरघळवणाऱ्या द्रवात काही मिनिटं बुडवतात. प्लास्टिक चालत नाही, बोटंही लावायची नाहीत. दोन्हींचा अंश हेक्झेनमध्ये उतरतो आणि तपासणीच्या आलेखावर भलतीच शिखरं उभी राहतात. पोट चेपलं तर आतल्या ग्रंथींचा स्राव मिसळतो, तो नमुना फेकूनच द्यावा.

तर राणी मेली तरी पोळं उठत नाही. काही मिनिटांत एक कामकरी भडकते, बाकीच्या तिला आव्हान देत नाहीत, आणि आठवडाभराने ती अंडी घालू लागते.