हवा खायला एसुइराला

एसुइराचे फोटो बघून तिथं जायचं ठरवणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट सांगतो: फोटोत वारा येत नाही. पांढऱ्या भिंती येतात, निळी दारं येतात, बंदरात एकमेकींना खेटून बांधलेल्या निळ्या होड्या येतात, तटावरच्या तोफा येतात. फोटोतल्या बाईची ओढणी जमिनीला समांतर का उभी आहे, याचा विचार कुणी करत नाही. तिथं उतरल्यावर मात्र दुसरा कसलाच विचार करता येत नाही.

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरचं हे गाव मराकेशहून पश्चिमेला साधारण १८० किलोमीटर. रेल्वे नाही, बसनं तीन तास. एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत इथं उत्तर-ईशान्येचे व्यापारी वारे मुक्कामाला असतात. त्यामागचं गणित साधं आहे. अझोर्स बेटांच्या बाजूला हवेचा दाब जास्त, आत सहाराकडे जमीन तापून दाब कमी, आणि मधल्या किनाऱ्यावरून वारा धावत सुटतो. दुपारी जमीन तापली की समुद्रावरचं वारंही त्यात सामील होतं. हा वारा किनाऱ्यालगतचं वरचं पाणी बाहेर ढकलतो आणि तळाचं गार पाणी वर येतं. म्हणून जुलैत मराकेश चाळीस अंशांकडे निघालेलं असताना एसुइरात बावीस-तेवीस अंशांवर लोक स्वेटर शोधत असतात. समुद्राचं पाणी भर उन्हाळ्यातही वीस अंशांच्या आसपास. जुहूला कमरेएवढ्या पाण्यात तासभर उभा राहणारा माणूस इथं घोटा भिजला की परत फिरतो आणि ‘नजारा छान आहे’ असं म्हणतो.

निवांतपणासाठी इथं यायचं असेल तर दिवसाची आखणी वाऱ्याला विचारून करावी. सकाळी अकरापर्यंत समुद्र आपला. त्या वेळेत चालावं, बसावं, फोटो काढावेत. बारानंतर किनारा काइटसर्फिंगवाल्यांचा. ज्यांना हा वारा हवा असतो अशी माणसं जगात आहेत आणि ती पैसे देऊन येतात. दुपारी वाळू जमिनीपासून गुडघ्यापर्यंतच्या उंचीवर आडवी वाहते, म्हणजे उभ्या माणसाच्या फक्त पोटऱ्या घासून निघतात. पण टॉवेल पसरून आडवं होणाऱ्याचं तोंड नेमकं त्याच उंचीवर येतं. छत्री नेऊच नये. ती दोन मिनिटांत उलटी होते आणि मग आपण छत्रीच्या मागे जातो. टोपी हवी तर हनुवटीखाली बांधायच्या दोरीची. कॉन्टॅक्ट लेन्स लावणाऱ्यांनी चष्मा घ्यावा, तोही कानशिलाला चिकटून बसणारा. किनाऱ्यावर कॅमेऱ्याची लेन्स बदलू नये. बारीक वाळू झूमच्या कड्यात शिरली की ते पुढचा सगळा प्रवास कण्हत राहतं.

खरा सापळा मात्र फिरण्यात आहे. गाव खाडीच्या उत्तर टोकाला, आणि वाळूचा पट्टा तिथून दक्षिणेकडे पसरलेला. वारा उत्तरेचा. म्हणजे गावातून निघालेल्या माणसाच्या पाठीत वारा. पाय आपोआप पडतात, वजन कमी झाल्यासारखं वाटतं, ‘आज काय स्टॅमिना आहे’ असं कौतुक सुरू होतं. क्सोब नदीच्या मुखापर्यंत, पलीकडच्या पडक्या बुरुजापर्यंत माणूस हसतखेळत पोचतो आणि मागे वळतो. इथं कौतुक संपतं. तेवढंच अंतर आता तोंडावर वारा आणि दातांत वाळू घेऊन काटायचं असतं. उंटवाले नेमके याच वळणावर उभे असतात. त्यांना व्यवसाय कळतो. यावर उपाय एकच: ओहोटीची वेळ आधी बघावी, नदी ओलांडून दियाबात गावात जावं आणि रस्त्यावरून टॅक्सीनं परतावं. भरतीला मुखाशी पाणी चढतं, मग चपला हातात आणि पँट गुडघ्यापर्यंत.

दियाबातमध्ये जिमी हेंड्रिक्स या अमेरिकन रॉक गिटारवादकाच्या नावानं धंदा चालतो. वाळूच्या किल्ल्यांवरचं त्याचं गाणं हा पडका बुरूज पाहूनच सुचलं, असं तुम्हाला किमान तिघं शपथेवर सांगतील. हेंड्रिक्स एसुइराला आला १९६९ मध्ये. गाणं प्रसिद्ध झालं १९६७ मध्ये. हे त्यांना सांगू नये. सांगितलं तरी चहाच्या बिलात फरक पडत नाही.

गावाचा इतिहासही वाऱ्याइतकाच आडदांड आहे. पोर्तुगीजांनी १५०६ मध्ये इथं किल्ला बांधला आणि ठाण्याला मोगादोर म्हणू लागले. आसपासच्या लोकांनी त्यांना चार वर्षांत पिटाळलं. त्याच १५१० साली आल्बुकर्कनं गोवा घेतलं. तिकडे चार वर्षांत गाशा गुंडाळणारे इकडे साडेचारशे वर्षं ठाण मांडून बसले, हे वाचून कोकणातल्या माणसाला थोडं वाईट वाटणं साहजिक आहे. आत्ताचं गाव मात्र सुलतान सिदी मोहम्मद बिन अब्दल्लाचं. युरोपशी होणारा व्यापार आपल्या नजरेखाली एकाच बंदरातून व्हावा म्हणून त्यानं १७६० च्या दशकात ते वसवलं, आणि आराखड्यासाठी तेओदोर कोर्न्यू नावाच्या फ्रेंच इंजिनिअरला हाताशी धरलं. मोरोक्कोच्या इतर जुन्या शहरांत गल्ल्या आतड्यांसारख्या वळतात. इथं मुख्य रस्ता नाकासमोर. ईशान्येच्या बाब दुक्काला वेशीपासून नैऋत्येच्या बंदरापर्यंत सरळ. माणसाला चुकायला वाव नाही, आणि वाऱ्यालाही. कोर्न्यू इथं किती दिवस टोपीविना राहिला असेल, हा विचार त्या रस्त्यावरून जाताना हमखास मनात येतो. वारा असह्य झाला की सरळ आडव्या गल्लीत शिरायचं. दहा पावलांत सगळं शांत होतं आणि केस कुठे गेलेत ते कळतं.

सुलतानानं व्यापारासाठी यहुदी सौदागरांनाही इथं आणून वसवलं. एकोणिसाव्या शतकात गावातली मोठी वस्ती त्यांची होती. त्यांची जुनी प्रार्थनास्थळं आणि २०२० मध्ये सुरू झालेलं बायत दाकिरा हे स्मृतिघर जरूर बघावं. माझ्या मते तटबंदीपेक्षाही आधी बघावं, कारण ते घर आहे आणि घराला छप्पर असतं. तटबंदीवर दोन ठिकाणी चढता येतं. गावाच्या बाजूच्या स्कालावर, म्हणजे तोफा मांडायच्या तटावर, युरोपात ओतलेल्या कांस्याच्या तोफा समुद्राकडे तोंड करून रांगेत आहेत. १८४४ च्या ऑगस्टमध्ये फ्रेंच आरमारानं गावावर तोफा डागल्या तेव्हा या थाटाचा फारसा उपयोग झाला नाही. आता स्कालावरच्या तोफांवर मुलं बसतात. बंदराच्या बाजूच्या स्कालाला तिकीट आहे. तिथल्या भिंतीतल्या गोल भोकातून गावाचा जो देखावा दिसतो, तो सगळ्यांच्या फोनमध्ये असतो. त्या भोकापुढे नेहमी रांग असते आणि भोकातून वारा येतो. रांगेतला पहिला माणूस डोळे मिटूनच फोटो काढतो. २००१ पासून जुनं गाव युनेस्कोच्या जागतिक वारशात आहे, एवढं सांगून मी इतिहास आटोपतो, कारण बंदरात होड्या आलेल्या आहेत.

मासळी हा एसुइराचा खरा आनंद, आणि त्याचं श्रेयही त्याच वाऱ्याला. तळाचं गार पाणी वर येताना तळाचं खाद्यही वर आणतं, त्यावर तारली पोसते. तारलीच्या पेट्यांनी धक्का भरलेला असतो. शिवाय लेप, माकूळ, वाम, खेकडे आणि कधी शेवंड. खायच्या दोन पद्धती आहेत. पहिली पर्यटकाची: बंदराच्या वाटेवर मासे मांडून बसलेल्याकडे बोट दाखवायचं आणि बसायचं. यात तीन ठिकाणी घात होतो. पाटीवरचा भाव किलोचा आहे की शंभर ग्रॅमचा, हे कुणी वाचत नाही. वजन आपल्यासमोर होत नाही. आणि ‘थोडंसं सगळंच द्या’ म्हटलं की त्या थोड्याशात सगळ्यात आधी शेवंड येते. म्हणून आधी मासा निवडावा, समोर तोलायला लावावा, कोशिंबीर आणि पाव धरून एकूण रक्कम ठरवावी आणि मगच खुर्चीला हात लावावा. एकदा बसलेल्या माणसाशी कुणी घासाघीस करत नाही.

दुसरी पद्धत गावकऱ्यांची आणि माझ्या मते एकमेव शहाणी. होड्या परतल्या की धक्क्यावर किंवा गावातल्या मासळीबाजारात जायचं, डोळे टवटवीत आणि कल्ले लाल असलेली तारली घ्यायची, तिथंच साफ करून घ्यायची आणि पिशवी घेऊन बाजारालगतच्या भाजणाऱ्याकडे जायचं. तो फक्त भाजण्याची मजुरी घेतो. जाड मीठ लावून कोळशावर टाकतो. सांगितलं तर शर्मुला चोळून देतो: कोथिंबीर, लसूण, जिरं, लाल मिरचीची पूड, लिंबू आणि तेल. हे वाटण चाखून आपला माणूस एकदम भावुक होतो आणि मग आमसुलाची चौकशी करतो. आमसूल नाही. बंदरात भाजका मासा हातात घेऊन चालू नये. तिथले सीगल कोंबडीएवढे आहेत आणि त्यांना लाज नाही.

शाकाहाऱ्यांची परीक्षा जरा वेगळी. भाजीचा ताजीन, म्हणजे मातीच्या झाकणाच्या भांड्यात मंद शिजवलेला रस्सा, मागितला तर भाज्या येतात, पण खाली रस्सा मटणाचा असू शकतो. ‘ब्ला ल्हम’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करून जावेत आणि वर रश्श्याबद्दल वेगळं विचारावं. सुखरूप पदार्थ आहेत: बाकल्याच्या डाळीचं दाट सूप बिसारा, वांग्याचं झालूक, आणि सकाळी मसेमेन ही चौकोनी घडीची, तव्यावरची पोळी. मसेमेन गच्चीवर मागवू नये. सगळ्या मुक्कामांच्या जाहिरातीत गच्चीवरची न्याहारी असते. प्रत्यक्षात तिथं आधी रुमाल उडतो, मग साखरेच्या पुड्या, आणि ऑम्लेट गार व्हायला लागतो तेवढाच वेळ आपण खुर्ची धरून बसतो. पुदिन्याचा चहा उंचावरून ओतायची इथली रीत आहे. गच्चीवर ती रीत पाळणारा वाढपी भेटला तर वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसावं. साखर नको असेल तर ‘ब्ला सुक्कर’ म्हणावं. तो ऐकून घेईल, दु:खी होईल, आणि साखर घालेल.

खोली निवडतानाही समुद्रदर्शनाचा हट्ट सोडावा. समुद्राकडच्या खिडक्या रात्रभर खडखडतात आणि भिंतींना ओल असते. आतल्या चौकाकडे उघडणारी खोली घ्यावी, आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत हीटर आहे का ते लेखी विचारावं. जुन्या गावात गाड्या जात नाहीत. वेशीवर हातगाडीवाला सामान घेतो. भाडं आधी ठरवावं, आणि मुक्कामाचा पत्ता आपल्याकडे अरबीत असावा.

खरेदीत पहिलं नाव अर्गन या इथल्या झाडाच्या तेलाचं. साधारण तीस किलो फळांतून एक लिटर तेल निघतं, आणि टणक बिया बायका अजून दगडावर ठेवून हातानं फोडतात. त्यामुळे रस्त्याकडेला पाण्याच्या जुन्या बाटलीत स्वस्तात मिळतं ते बहुतेक दुसरंच तेल असतं. खायचं तेल भाजलेल्या बियांचं, गडद आणि खमंग; अंगाला लावायचं कच्च्या बियांचं, फिकट आणि जवळपास बिनवासाचं. त्यांची अदलाबदल करू नये. केसांना भाजलेलं तेल लावून बंदरावर गेलात तर सीगल विचारपूस करतील. मराकेशच्या रस्त्यावर अर्गनच्या झाडांत बकऱ्या दिसतात. बकऱ्या फळांसाठी खरोखर झाडावर चढतात. पण भर रस्त्यालगत, एकेका फांदीवर एकेक, फोटोला तोंड करून उभ्या राहायला त्यांना कुणीतरी लावलेलं असतं, आणि तो कुणीतरी झाडाखालीच पैसे मागायला बसलेला असतो.

थुयाच्या लाकडाच्या पेट्या मात्र इथल्याच. तटबंदीखालच्या कमानींत कारागीर बसतात. थुयाच्या मुळाशी येणाऱ्या गाठींचं लाकूड वापरतात, त्यावर लिंबाच्या पिवळ्या लाकडाची आणि शिंपल्याची नक्षी जडवतात. पेटी उघडून आत नाक घालावं: लाकडाचा उग्र गोड वास आला पाहिजे, व्हार्निशचा नाही. झाकण अगदी घट्ट बसत असेल तर ती घेऊ नये. पावसाळ्यात आपल्याकडे फुगून ते कायमचं बसेल. भाव करताना दुकानदार तुम्हाला ‘अमिताभ!’ किंवा ‘शाहरुख!’ म्हणून हाक मारेल. त्याचा किमतीशी संबंध नाही.

जूनमधला ग्नावा या इथल्या पारंपरिक संगीताचा उत्सव १९९८ पासून भरतो. तीन तारांचं गिंब्री हे वाद्य आणि टाळांसारखे लोखंडी करकबा पहाटेपर्यंत घुमतात, संगीत अस्सल आहे, आणि खोल्या महिनोन्महिने आधी संपतात. झोपेची गरज असणाऱ्यांनी तो आठवडा टाळावा. मला विचाराल तर ऑक्टोबर उत्तम: वारा बराच नरमलेला, गर्दी ओसरलेली. मराकेशहून एका दिवसात जाऊन यायच्या सहली मात्र घेऊच नयेत. सहा तास बसमध्ये, वर एक तेलाचं दुकान आणि एक बकऱ्यांचं झाड. गावाच्या वाट्याला जेमतेम जेवणाची वेळ उरते. दोन रात्री राहावं, आणि परतीच्या बसचं तिकीट उतरल्या उतरल्या काढून ठेवावं.

निघताना तेलाची बाटली चेक-इन सामानात, दोन पिशव्यांत बांधून. दिरहम हे इथलं चलन देशाबाहेर सहसा कुणी बदलून देत नाही, म्हणून उरलेले विमानतळावरच मोडावेत. त्यासाठी सुरुवातीला पैसे बदलल्याच्या पावत्या मागतात, त्या जपाव्यात. फक्त गच्चीवर बसून मोजू नयेत.