गोळ्या सोडल्या, कोलेस्टेरॉल उतरलं, म्हणजे बरे झालात का?

मामेभावाने परवा एक फॉरवर्ड पाठवलं आणि खाली विचारलं, "दादा, थांबवू का गोळ्या?" तो एआरटी, म्हणजे एचआयव्हीवरच्या रोजच्या गोळ्या, नियमित घेतो, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला विषाणू टेस्टमध्ये दिसतसुद्धा नाही, तब्येत ठणठणीत. आणि फॉरवर्ड काय म्हणतं, तर एचआयव्हीचा कोलेस्टेरॉलशी काही संबंधच नाही, ते गोळ्यांनी वाढतं, लिव्हरही गोळ्याच खातात, म्हणून सहा महिने गोळ्या बंद करून लसणाच्या कॅप्सूल आणि रेड यीस्ट राईस (लाल यीस्टने आंबवलेला तांदूळ) घ्या, कोलेस्टेरॉल उतरलं की समजा शरीर शुद्ध झालं. डोकंच फिरलं वाचून.

संबंध नाही म्हणे! आजच्यासारखं उपचारांचं कॉम्बिनेशन आलंही नव्हतं तेव्हापासून डॉक्टरांना पेशंटच्या रक्तात हे दिसतंय, ट्रायग्लिसराइड म्हणजे रक्तातली एक चरबी चढलेली आणि एचडीएल म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल घसरलेलं. अमेरिकेत ५० पुरुषांचे लागण व्हायच्या आधीचे आणि नंतरचे नमुने तपासले, तर लागणीनंतर, गोळ्या सुरू व्हायच्या आधीच, एकूण कोलेस्टेरॉल सरासरी ३० मिलिग्रॅम/डेसिलिटरने आणि एचडीएल १२ ने उतरलेलं. इन्फेक्शनमुळे शरीरात जी सूज असते तिच्यामुळे लिव्हर ट्रायग्लिसराइड जास्त सोडतं आणि रक्तातून त्यांचा निचराही मंदावतो. शिवाय विषाणूचं नेफ नावाचं प्रोटीन पेशीतलं कोलेस्टेरॉल बाहेर काढणारा एबीसीए१ नावाचा पंप बिघडवतं, आणि लिव्हर एचडीएल बनवतं ते याच पंपाच्या जोरावर.

आता फॉरवर्डमधलं सगळ्यात घातक वाक्य बघा, "उतरलं की शुद्ध झालं". गंमत अशी की गोळ्या सोडल्या तर आकडा खरंच उतरू शकतो! माणूस रिपोर्ट बघून खूश होणार, ग्रुपवर टाकणार, आणि अजून चार जण गोळ्या सोडणार. पण तो आकडा उतरतो कारण विषाणू परत जोरात आलाय. हे मी मनाचं सांगत नाही, स्मार्ट नावाची मोठी ट्रायल झालीये, ५४७२ लोक, निकाल २००६ चा. अर्ध्यांनी गोळ्या चालू ठेवल्या, अर्ध्यांनी सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशींचा आकडा) बघून मध्ये मध्ये थांबवल्या. थांबवणाऱ्यांचं एकूण कोलेस्टेरॉल आणि एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल उतरलं, पण एचडीएलही उतरलं आणि एकूण भागिले एचडीएल हे गुणोत्तर उलट बिघडलं. त्यांच्यात मृत्यूचा धोका १.८ पट निघाला, आणि हार्ट, किडनी, लिव्हरच्या गंभीर आजारांचा १.७ पट. हो, लिव्हरच्यासुद्धा, जे वाचवायला हे महाशय गोळ्या बंद करायला सांगतायत! ट्रायल ठरल्याआधीच थांबवावी लागली. ज्यांना सोबत हिपॅटायटिस बी आहे त्यांनी टेनोफोविर, लॅमिव्हुडिन ही एआरटीतली, हिपॅटायटिस बीलाही दाबून ठेवणारी औषधं अचानक सोडली तर हिपॅटायटिस उसळून लिव्हर फेलसुद्धा होऊ शकतं, हे फॉरवर्ड लिहिणाऱ्याच्या गावीही नाही.

बरं, एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. जुन्या प्रोटिएज इन्हिबिटर गोळ्या, विशेषतः रिटोनाविर, ट्रायग्लिसराइड आणि कोलेस्टेरॉल वाढवतात, आणि काही जुन्या गोळ्या, उदाहरणार्थ नेव्हिरापिन, लिव्हरला त्रास देतात हेही खरंय. पण आता बहुतेकांना डोल्युटेग्रॅविर असलेली गोळी मिळते, तिचा रक्तातल्या चरबीवर परिणाम बराच कमी. आणि गोळ्या सुरू झाल्यावर जी वाढ दिसते त्यातली काही तर नुसती माणूस सावरल्याची असते, आजारात उतरलेलं परत जागेवर येतं.

लसणाबद्दल एवढंच, सॅक्विनाविर या जुन्या औषधाची रक्तातली पातळी लसणाच्या कॅप्सूलने निम्म्यावर आली होती, त्यामुळे "नॅचरल आहे, काय होतंय" हे चालणार नाही. रेड यीस्ट राईसमध्ये तर मोनाकोलिन के असतं, म्हणजे चक्क लोव्हास्टॅटिन, कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातलं औषध. काही जण गोळ्या न सोडता ते सोबत घेणार, आणि गोळ्यांत रिटोनाविर किंवा कोबिसिस्टॅट (बाकीच्या गोळ्यांची पातळी टिकवणारी औषधं) असेल तर लिव्हर ते मोडू शकत नाही, पातळी भलतीच चढते, स्नायू झिजून किडनीपर्यंत जातं.

भावाला लिहिलं, गोळी आजची आजच घे, आणि कोलेस्टेरॉलची धास्ती असेल तर पुढच्या व्हिजिटला डॉक्टरांना स्टॅटिनचं विचार. चाळिशीपुढच्या एचआयव्ही असलेल्या लोकांवर रिप्रीव्ह ट्रायल झाली, २०२३ ला निकाल आला, पिटाव्हास्टॅटिनने हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरेंचं प्रमाण ३५ टक्क्यांनी कमी झालं, तेही एआरटी चालू ठेवून.