टायमिंग चेन म्हणजे बुलेटची चेन नव्हे

‘जुन्या गाडीच्या टायमिंग चेनबद्दल मेकॅनिक तुमच्यापासून काय लपवतात’ अशी एक पोस्ट सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतेय. माझ्याकडेही येऊन गेली होती, तेव्हा हसून सोडून दिली. पण आता सांगलीहून आमच्या दाजींनी ती लेस्टरला मुलाला पाठवली, खाली ‘अनुभवाचे बोल’ असा शेरा मारून. भाच्याकडे मॉरिस मायनर ही जुनी ब्रिटिश गाडी आहे, १०९८ सीसीची. त्याचा मला फोन: “मामा, चेन ब्रेकर मागवलाय. एक कडी काढायचीय, शनिवारी येतोस का?” मी इथे कॉव्हेंट्रीत याच ए-सिरीज घराण्यातल्या इंजिनची मिजेट (जुनी छोटी स्पोर्ट्स कार) सांभाळतो, म्हणून विचारणा. म्हटलं, आता लिहायलाच हवं.

टायमिंग चेन म्हणजे इंजिनाच्या आतली चेन: पिस्टननं फिरणारा दांडा (क्रँक) ती व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याला (कॅम) जोडते. पोस्टचं म्हणणं थोडक्यात असं: चेन लोखंडाची, ती जन्मभर जाते. आवाज आला तर जाड ऑइल टाका. तरी सैल वाटली तर एक कडी काढून घट्ट करा. स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यांवर फिरते ती दातेरी चाकं, बदलू नका. पिकअप पडलं तर डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना स्पार्क वाटणारा भाग) थोडा फिरवा. आणि बदलायचीच असेल तर डबल चेन टाका, दहा हॉर्सपॉवर वाढतात.

आधी त्या कडीचं बघू, कारण बाकीच्या सल्ल्यांनी गाडी फार तर सुस्त होईल, या एकानं इंजिन जाईल. हा शोध कुठून आला ते उघड आहे. बुलेटची मागची चेन सैल झाली की चाक मागे ओढतात, आणि चाक सरकायला जागा उरली नाही की चौकातला मेकॅनिक कडी काढून देतो. दाजींनी हे आयुष्यभर पाहिलंय. पण तिथे चाक मागेपुढे सरकतं. इंजिनात क्रँक आणि कॅम दोन्ही ब्लॉकमध्ये ठरलेल्या अंतरावर बसलेले असतात, ते कुठे सरकणार?

आता हिशेब करा. या चेनची पिच, म्हणजे एका कडीची लांबी, ३/८ इंच, म्हणजे साधारण साडेनऊ मिलिमीटर. आतली आणि बाहेरची कडी आलटून पालटून येतात, त्यामुळे काढायच्या तर दोन्ही काढाव्या लागतात. म्हणजे १९ मिलिमीटर गेले. अख्खी चेन साधारण अर्ध्या मीटरची. समजा ती एक टक्का झिजलीय, तर वाढलेली लांबी ५ मिलिमीटर. पाचासाठी एकोणीस कापल्यावर ती स्प्रॉकेटवर चढणारच नाही. आणि कुणी जुगाड करून अर्धी कडी घालून चढवलीच, तर जोडाला मोटरसायकलसारखी क्लिप लावणार. ती क्लिप उडाली की आत टायमिंग कव्हर आहे आणि खाली ऑइलची टाकी (संप). मायनरला येणारी चेन अखंड असते, तिला उघडायचा जोडच नसतो. याहून स्पष्ट इशारा बनवणाऱ्यानं काय द्यायचा?

जुन्या मर्सिडीज डिझेलमध्ये चेन तोडून बदलतात, हे खरं आहे. पुढचं कव्हर न उघडता नवी चेन जुनीच्या टोकाला जोडतात, इंजिन हातानं हळूहळू फिरवत ती आत ओढून घेतात आणि शेवटची कडी रिव्हेट करतात. पण नवी चेन पूर्ण लांबीचीच असते.

‘जन्मभर जाते’ यात अर्धं सत्य आहे. रबरी बेल्टसारखी तिला ठरावीक मुदत नसते. पण झिजते. चेन ‘ताणली’ असं आपण म्हणतो, तेव्हा लोखंड ताणलेलं नसतं. प्रत्येक पिन आणि बुश थोडी थोडी घासलेली असते आणि सगळ्यांची बेरीज लांबीत दिसते. तपासणी सोपी आहे. इग्निशन बंद, डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढा, गाडी टॉप गिअरमध्ये टाकून एकानं हळूच पुढे-मागे ढकलायची, दुसऱ्यानं झाकणाखालचा फिरता रोटर बघायचा. क्रँकची पुली हलतेय पण रोटर बराच वेळ जागचा हलत नाही, म्हणजे मधे ढिलाई आहे. थोडी डिस्ट्रिब्युटरच्या गिअरचीही असते, पण बरीचशी चेनची.

इथेच डिस्ट्रिब्युटरचा सल्ला उघडा पडतो. या इंजिनात डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो. चेन लांबली की कॅम मागे पडतो, मग स्पार्कही उशिरा आणि व्हॉल्व्हही उशिरा. डिस्ट्रिब्युटर फिरवून स्पार्क जागेवर आणता येतो, व्हॉल्व्ह तसेच उशिरा उघडत राहतात. खालच्या वेगातली ओढ त्यामुळेच गेलेली असते.

जाड ऑइलबद्दल फार लिहीत नाही. १०९८ मध्ये चेनचा ताण ऑइलच्या दाबावर नाहीच. कॅमच्या स्प्रॉकेटवर दातांच्या दोन्ही बाजूंना रबरी रिंगा असतात, चेन त्यांच्यावर टेकते. ऑइलमध्ये भिजून वर्षानुवर्षांनी त्या कडक होतात, तुकडे पडतात, मग खडखड सुरू. घट्ट ऑइलनं आवाज दबेल, रिंग परत उगवणार नाही.

स्प्रॉकेट तेच ठेवायचे? जुने दात जुन्या चेनच्या पिचवर घासलेले असतात. नवी चेन त्यांच्यावर चढवली की तीही लवकर तशीच होते. सेट घ्या. आणि सेट बसवताना बीएमसीच्या (गाडी बनवणारी ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) वर्कशॉप मॅन्युअलमधली एक गोष्ट टाळू नका. व्हिडिओवाले सगळे दोन्ही स्प्रॉकेटवरचे खुणेचे ठिपके समोरासमोर आणण्यावर थांबतात. मॅन्युअल पुढे सांगतं: कॅम स्प्रॉकेटच्या दातांच्या कडेवर सरळ पट्टी ठेवा, क्रँकच्या स्प्रॉकेटपाशी किती फट राहते ते फीलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) मोजा, त्यातून पाच हजारांश इंच वजा करा आणि तेवढ्या जाडीचे वॉशर क्रँक स्प्रॉकेटच्या मागे घाला. दोन्ही एका रेषेत नसतील तर नवी चेनही कडेनं घासत राहते. जुने वॉशर नव्या स्प्रॉकेटला जुळतीलच असं नाही, हे मोजूनच कळतं.

राहिली डबल चेन. इथे मला नाइलाजानं पोस्टवाल्याला थोडे गुण द्यावे लागतात. १९६३ च्या मिनी कूपर एसला, तिचंही इंजिन ए-सिरीजचंच, कंपनीनंच डुप्लेक्स, म्हणजे दुपदरी चेन, दिली होती. मर्सिडीजच्या ३८० एसएलला अमेरिकेत सुरुवातीला एकपदरी चेन होती, ती इतकी त्रासदायक ठरली की पुढे दुपदरी आली. डुप्लेक्सच्या स्प्रॉकेटला त्या रबरी रिंगाही नसतात. भाच्याला मीही डुप्लेक्सच सुचवलीय. पण दहा हॉर्सपॉवर? मूळ इंजिनच ४८ चं आहे! झिजल्यामुळे जे गेलं होतं तेवढं परत मिळेल, वर काही नाही.

आणि ती नुसती उचलून बसत नाही. चेनच्या मागे फ्रंट प्लेटचे दोन बोल्ट आहेत, त्यांची डोकी रुंद चेनला लागतात. ती काढून बुडत्या डोक्याचे स्क्रू घालावे लागतात, प्लेटला तशी खाच पाडून. रेडिएटर काढावा लागतो, हातानं इंजिन चालू करायचं हँडल ज्यात अडकतं तो क्रँकच्या टोकाचा डॉग नट सोडवावा लागतो, म्हणजे अर्धा दिवस गेलाच. त्यातच कव्हरचं सील बदलून घ्यायचं आणि कव्हरचे बोल्ट आवळण्याआधी पुली आत सरकवून कव्हर मध्यावर आणायचं. क्रँकवरच्या ऑइल थ्रोअरवर (ऑइल सीलपासून दूर उडवणारी चकती) इंग्रजी ‘एफ’ कोरलेला असतो, तो बाहेरच्या बाजूला.