‘साताऱ्याला काय होतंय?’ म्हणणाऱ्यांसाठी

ऑपरेशन सिंदूरच्या वेळचा तो मेसेज अजून फिरतोच आहे. ‘किराणा टेकड्यांत आपल्या क्षेपणास्त्रांनी पाकिस्तानचे सगळे अणुबाँब गाडले, किरणोत्सर्ग झाला, जग लपवतंय. आता पहिला बाँब आपणच टाकून विषय संपवावा. उलटा आलाच तर दिल्ली-मुंबईवर येईल, साताऱ्याला काय होतंय? आणि ते आंतरराष्ट्रीय करार आपल्यावर लादलेत, फाडून टाका.’ परवा तो कोरेगावच्या काकीकडे पोचला. तिचा मुलगा फौजेत आहे. फोन माझ्यापुढे धरून म्हणाली, ‘आरं, मग आता लढाई कायमची मिटंल न्हवं?’ आईच्या जिवाला अशी खोटी आशा लावणाऱ्यांचा संताप येतो.

पाकिस्तानातल्या सरगोध्याच्या हवाई तळावर आपण मारा केला, हे खरं. जवळच्या किराणा टेकड्यांत पाकिस्तानने 1980 च्या दशकात अणुचाचण्यांची पूर्वतयारी केली होती, हेही खरं. मेसेजमधलं खरं तिथेच संपतं. 12 मे 2025 च्या पत्रकार परिषदेत एअर मार्शल ए. के. भारती यांनी आपण किराणा टेकड्यांवर मारा केलेला नाही, असं स्पष्ट सांगितलं. पाकिस्तानातल्या कुठल्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही, असं आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेनेही कळवलं. आपल्याच हवाई दलाचा शब्द खोटा ठरवून वर देशप्रेम सांगू नये.

जगभरच्या शस्त्रास्त्रांचा हिशेब ठेवणाऱ्या सिप्री या संस्थेच्या 2025 च्या अंदाजानुसार पाकिस्तानकडे सुमारे 170 अण्वस्त्रं आहेत, आपल्याकडे सुमारे 180. एवढा साठा कोणी एकाच डोंगरात ठेवतं का? विमानं आहेत, ट्रकवरून हलवता येणारी क्षेपणास्त्रं आहेत. पहिल्याच दणक्यात सगळी टिपता येत नाहीत, त्यातली थोडी उरली तरी पुरतात. दोन्हीकडचा वचक त्यावरच उभा आहे. भारताने 2003 मध्ये जाहीर केलेलं ‘पहिला वापर नाही’ हे धोरण भित्रेपणातून आलेलं नाही. आपल्यावर अणुहल्ला झाला तर उत्तर प्रचंड असेल, हेही त्याच धोरणात लिहिलंय. पाकिस्तानच्या अणुधमकीने आपले हात पूर्ण बांधलेले नाहीत, एवढं मात्र मान्य करावं लागतं. 2019 चा बालाकोटचा हवाई हल्ला आणि सिंदूर दोन्ही झालं. पण दोन्ही वेळा काही दिवसांत थांबलो, तेही आठवा.

आता ‘साताऱ्याला काय होतंय’. एक तर साताऱ्यापासून पुणे शंभर-सव्वाशे किलोमीटरवर, आणि लष्कराच्या दक्षिण कमांडचं मुख्यालय तिथेच. तेही बाजूला ठेवू. ऑगस्ट 2022 मध्ये ‘नेचर फूड’ या शोधपत्रिकेत एक अभ्यास आला, तो या शूरांनी वाचावा. शहरं पेटली की काजळी ढगांच्याही वर जाते. तिथे पाऊस नाही, त्यामुळे ती धुऊन निघत नाही, वर्षानुवर्षं ऊन अडवत राहते. थंडी वाढते, पाऊस घटतो, पिकं बसतात. फक्त भारत-पाकिस्तान युद्ध झालं तरी जगभर 2 अब्जांहून जास्त माणसं उपासमारीने मरू शकतात, असा त्यांचा हिशेब आहे. बाँब कुठे पडला याला मग अर्थच उरत नाही. काकीचं रान घेवड्याचं. ऐन फुलोऱ्यात चार दिवस आभाळ भरून राहिलं तरी फूल गळतं आणि ती रोज सकाळी सरीत वाकून गळालेली फुलं बघते. तिथे सगळा हंगामच अंधारा गेला तर घेवडा काय, कराडचा ऊस काय आणि महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काय! रेशनचं धान्य पंजाब-हरियाणातून यायचं, तेही नाही. काकीला हे सांगताना मला जड गेलं, पण सांगितलं.

करारांचं थोडक्यात. 1970 मध्ये लागू झालेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर भारताने कधी सहीच केली नाही, पाकिस्ताननेही नाही. फाडणार काय? तो करार पक्षपाती आहे, हा आक्षेप बरोबर आहे. पाच देशांनी बाँब ठेवायचे, बाकीच्यांनी बनवायचे नाहीत, आणि त्या पाचांनी दिलेलं निःशस्त्रीकरणाचं वचन अजून पाळलेलं नाही. पण भारताने पाकिस्तानशी स्वतःहून केलेला करार वेगळा आहे: एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला करायचा नाही. सही 31 डिसेंबर 1988 ची. 1992 पासून दर 1 जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांची यादी एकमेकांना देतात. कारगिलनंतर दिली, बालाकोटनंतर दिली, आणि सिंदूरनंतर 1 जानेवारी 2026 लाही दिली.