अंतराळातलं मेंटेनन्स खातं

परवा भाच्याने विचारलं, "मामा, तुझे टॉप टेन साय-फाय कोणते?" त्यांच्या कॉलेजात फिल्म क्लब आहे आणि म्हणे प्रत्येकाने घरातल्या एका मोठ्या माणसाची यादी आणायची आहे. जेवता जेवता मी धडाधड पाच नावं सांगितली आणि मग माझीच मला लाज वाटली. ती नावं माझी नव्हतीच, शहाण्या लोकांच्या यादीतली होती. 'ब्लेड रनर' सांगून टाकलं! दिसायला अप्रतिम सिनेमा, वादच नाही, पण मी तो दोनदा लावलाय आणि दोन्ही वेळा त्या पावसात मला डुलकी लागलीय.

मग रात्री प्रामाणिकपणे आठवत बसलो की आपण परत परत लावतो कोणते. सव्वीस वर्षं मी कारखान्यात मेंटेनन्सला आहे, इन्स्ट्रुमेंटेशनला. आणि लक्षात असं आलं की मला आवडणाऱ्या प्रत्येक विज्ञानपटात कुठे ना कुठे मेंटेनन्स खातं आहे.

हसू नका. '२००१ : अ स्पेस ओडिसी' घ्या. लोक बोलतात ते त्यातल्या हवेत फेकलेल्या हाडाबद्दल, काळ्या शिळेबद्दल, शेवटच्या त्या रंगीबेरंगी प्रकाराबद्दल. मी तो लावतो अँटेनाच्या एका युनिटसाठी. यानावरचा संगणक हॅल सांगतो की अँटेना पृथ्वीच्या दिशेने धरून ठेवणारं एई-३५ हे युनिट ७२ तासांत बंद पडणार. अंतराळवीर बोमन बाहेर जातो, युनिट काढून आणतो, टेबलावर घेऊन तपासतो. काही निघत नाही. सगळं ओके. आता काय करायचं? हॅल म्हणतो, परत बसवा आणि बंद पडू द्या, म्हणजे कारण सापडेल.

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मी सिनेमा थांबवून बायकोला हाक मारली होती. महिन्यातून एकदा तरी मी प्रॉडक्शनवाल्यांना हेच वाक्य ऐकवतो आणि शिव्या खातो. कधीतरीच येणाऱ्या फॉल्टला दुसरा इलाजच नसतो. चालू मशीनमध्ये फॉल्ट सापडत नाही, बंद पडल्यावरच सापडतो. पुढे पृथ्वीवरून निरोप येतो की चूक हॅलचीच दिसतेय, तेव्हा तो त्या मऊ आवाजात म्हणतो की चूक माणसाचीच असणार, आजवर दरवेळी तसंच निघालंय. आमच्याकडे एका व्हेंडरचा सर्व्हिस इंजिनिअर यायचा, अगदी याच आवाजात बोलायचा. "सर, ऑपरेटर एरर." तीन आठवड्यांनी त्यांचंच कार्ड खराब निघालं. आमच्याकडे कोणी मेलं नाही, एवढाच काय तो फरक.

१९६८ चा सिनेमा, माणूस अजून चंद्रावर उतरायचा होता, आणि या लोकांना हे बारकावे सुचले कसे? पटकथेचे सहलेखक आर्थर क्लार्क दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात रडारवर काम करायचे, हे नंतर कुठेतरी वाचलं तेव्हा कोडं सुटलं. आपल्यातलाच माणूस.

'एलियन'चं (१९७९) तर विचारूच नका. पोरांना तो छाती फाडून बाहेर येणारा प्राणी आठवतो. मला आठवतं ते त्याच्या आधीचं जेवणाचं टेबल. नॉस्ट्रोमो हे काही लढाऊ जहाज नाही, खनिज ओढून नेणारं मालवाहू जहाज आहे. सगळे गाढ झोपेतून नुकतेच उठलेत आणि इंजिनरूमचे पार्कर नि ब्रेट पहिला विषय काढतात तो बोनसचा. बाकीच्यांना पूर्ण वाटा, आम्हाला कमी का? मग वाटेत सिग्नल येतो. हे म्हणतात, आमचं काम माल पोचवण्याचं, भानगडीत पडायचं नाही. लगेच कॉन्ट्रॅक्टमधलं कलम वाचून दाखवलं जातं: चौकशी केली नाहीत तर पैसे नाहीत. संपला विरोध. पुढे जे मरतात ते त्या एका कलमापायी. आणि यान बिघडल्यावर किती वेळ लागेल म्हणून वरून विचारणा होते, तेव्हा खाली आपसात ठरतात १७ तास आणि वर सांगितले जातात २५. ज्याने हे लिहिलं तो नक्की कधीतरी कुठल्यातरी शॉप फ्लोअरवर उभा राहिलेला असणार. आम्हीही असंच सांगतो. साहेबांनी ही पोस्ट वाचली तर मी मजेत लिहिलंय.

'मून' (२००९) त्याच जातीचा. चंद्रावर हेलियम-३ च्या खाणीत एकटा माणूस, तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट, संपायला दोन आठवडे राहिलेत. पुढचं सांगत नाही. कॉन्ट्रॅक्ट लेबर कशाशी खातात हे ज्याला माहीत आहे त्याच्या पोटात खड्डाच पडेल.

आता मी तारकोव्हस्कीच्या 'स्टॉकर'चं (१९७९) नाव घेतलं की लोक म्हणतील, आला शहाणा. अडीच तासांच्या वर चालतो, कॅमेरा जागचा हलत नाही, घरचे उठून जातात. माझे गेले. पण बघा तरी काय आहे. 'झोन' नावाचा एक मनाई असलेला प्रदेश. आत एक खोली आहे, तिथे माणसाच्या मनातली सगळ्यात खोल इच्छा पुरी होते म्हणतात. तिथवर लोकांना चोरून नेणारा वाटाड्या म्हणजे स्टॉकर, आणि हेच त्याचं पोट भरायचं साधन. झोनमध्ये सरळ चालत जायचं नाही. तो खिशातून नट काढतो, आपला साधा लोखंडी नट, त्याला कापडाची पट्टी बांधलेली. तो पुढे भिरकावायचा, पडला तिथवर एकाने चालत जायचं, मग पुढचा नट. संपूर्ण सिनेमात एक यंत्रमानव नाही, एक यान नाही. गवत, पाणी, गंजलेलं लोखंड आणि हा नट. एस्टोनियात, बंद पडलेल्या वीजकेंद्राच्या आसपास शूटिंग केलंय. आधी केलेलं बरंचसं चित्रण प्रयोगशाळेत फिल्म धुताना वाया गेलं आणि बाबाने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. अंधारात केबल डक्टमध्ये पहिलं पाऊल टाकताना मला अजूनही ते नट आठवतात.

'इंटरस्टेलर' का नाही, हा प्रश्न येणारच. चांगलाच आहे. किप थॉर्नसारख्या शास्त्रज्ञाला बसवून कृष्णविवर काढून घेतलं, टोपी काढतो. (आपल्याकडे नारळीकरांनी १९७४ साली ना. वि. जगताप असं टोपणनाव घेऊन स्पर्धेला कथा धाडली होती, तिचंही नाव 'कृष्णविवर'च. आपल्याकडे कथा आहेत, सिनेमे तेवढे होत नाहीत.) पण त्यात सगळे सारखे मानवजातीला वाचवत असतात. सुरुवातीला शेतातले हार्वेस्टर भलतीकडे जाऊन घरापाशी गोळा होतात आणि बिघाड कशात आहे याचा शोध सुरू होतो, तेवढी दहा मिनिटं माझी. 'स्टार वॉर्स'मध्येही मला एकच गोष्ट आवडते: हान सोलो यानाच्या भिंतीवर बुक्की मारतो आणि दिवे लागतात.

'अरायव्हल' (२०१६) घेतला कारण त्यात भाषांतर हे रोजचं काम म्हणून दाखवलंय: लिहायचे फळे, फोटो, शब्दांच्या याद्या, तेच तेच परत. परग्रहवासीयांशी बोलायला कोणाला न्यायचं यासाठी कर्नल चक्क दोन कोटेशनं मागवतो. भाषातज्ज्ञ लुईज, म्हणजे नायिका, त्याला म्हणते, त्या दुसऱ्याला युद्धासाठीचा संस्कृत शब्द आणि त्याचा अर्थ विचारा. शब्द येतो गविष्टि. दुसरा म्हणतो 'वाद', ही म्हणते 'आणखी गाई हव्यात ही इच्छा'. ऑर्डर हिला.

आणि पहिला नंबर टेरी गिलियमच्या 'ब्राझील'चा (१९८५). हा विज्ञानपट नाही म्हणणाऱ्यांशी मी भांडायला तयार आहे. कचेरीत एक किडा मरून यंत्रात पडतो, टटलचं बटल होतं आणि भलत्याच माणसाला उचलून नेतात. तो मरतो. त्याच्या बायकोला जास्तीच्या पैशांचा परतावा म्हणून चेक मिळतो. खरा टटल, म्हणजे रॉबर्ट डी नीरो, कोण आहे माहितीये? दहशतवादी म्हणून सरकार ज्याला शोधतंय तो पाईप दुरुस्त करणारा माणूस! कागदपत्रांना वैतागून त्याने खातं सोडलंय. रात्री अंधारातून येतो, पॅनेल उघडतो, काम करतो, निघून जातो. खात्याची अधिकृत माणसं दारात येतात तेव्हा सॅम, म्हणजे सिनेमाचा नायक, विचारतो, २७बी/६ फॉर्म आहे का? नसतो. तसेच माघारी. इंडेंटवर, म्हणजे मागणीच्या कागदावर, एक सही नाही म्हणून ज्याने पाचशे रुपयांच्या सेन्सरसाठी अख्खी लाईन थांबलेली बघितलीय, तो या प्रसंगाला हसेल की रडेल सांगता येत नाही.

आणि त्या टटलचा शेवट. रस्त्यावर उडणारे कागद येऊन त्याला चिकटायला लागतात. एक, दोन, मग अंगभर. सॅम धावत जाऊन कागद ओरबाडतो, ओरबाडत राहतो, आणि आत कोणीच नसतं.

भाच्याला यादी पाठवली. उत्तर आलं, "मामा, ही सहाच आहेत. क्लबला दहा पाहिजेत." उरलेले चार तुमच्याकडे स्टॉकला असतील तर कळवा. इंटरस्टेलर सोडून.